'अल्-अर्ज लिल्लाह' : जमीन अल्लाहची, मग कर्ज कुणाचे?

अल्लामा इक्बाल यांच्या 'बाल-ए-जिब्रील' (१९३५) या संग्रहात 'अल्-अर्ज लिल्लाह' नावाची अवघ्या आठ ओळींची नज्म आहे. पहिल्या सहा ओळींत नुसते प्रश्न. मातीच्या अंधारात बियाणे कोण वाढवतो, ढग कोण उठवतो, कणसात दाणे कोण भरतो? उत्तर कुठेच दिलेले नाही, कारण ऐकणाऱ्याला ते ठाऊक आहे. शेवटच्या दोन ओळींत मात्र शायर एकदम गावच्या जमीनदाराकडे वळतो आणि सांगतो की ही जमीन तुझी नव्हे, तुझ्या वाडवडिलांची नव्हे, माझीही नव्हे.

वर्गात या नज्मचा मतलब विचारला की मुले हमखास लिहितात, 'शायराने अल्लाहच्या कुदरतीचे वर्णन केले आहे.' हे उत्तर खोटे नाही, पण सहाव्या ओळीवर थांबलेले आहे. आपल्याकडची पुष्कळशी समीक्षाही तिथेच थांबते. सहाव्या ओळीत ऋतूंच्या बदलाला शायराने 'इन्किलाब' हा शब्द वापरला, तो काय उगाच? तिथूनच नज्म हम्दची वाट सोडून फिर्यादीकडे जाते.

शीर्षकामागे सूरह आराफमधील १२८वी आयत आहे. फिरऔनच्या जुलमाखाली भरडलेल्या आपल्या कौमला हजरत मूसा धीर देतात की जमीन अल्लाहची आहे आणि तो आपल्या बंद्यांपैकी हव्या त्याला तिचा वारस करतो. म्हणजे मुळात हे वाक्य पिचलेल्यांना सांगितलेले आहे. इक्बाल ते मालकाला सुनावतात. दोन्ही ठिकाणी ते न्यायाचेच राहते. पण हेच वाक्य एखाद्या कर्जबाजारी शेतकऱ्याला सांगून पाहा. सावकाराने ज्याचा तुकडा लिहून घेतला त्याला 'जाऊ द्या, जमीन कुठे आपली असते, सब्र करा' असे म्हणणारे आपल्या समाजात कमी नाहीत. शब्द तेच राहतात, ऐकणारा बदलतो आणि दिलासा जुलूम होऊन बसतो. या नज्मची खरी कसोटी मला इथे वाटते.

प्रश्नांची धाटणी सूरह वाकिआची आहे. तिथे ६३ आणि ६४ या आयतींत विचारले आहे की तुम्ही जे पेरता ते तुम्ही उगवता की आम्ही? पाण्याबद्दलही तसाच प्रश्न पुढे येतो. या दोहोंच्या मध्ये मात्र आणखी तीन आयती आहेत. आम्ही मनात आणले तर पिकाचा भुगा करू, मग तुम्ही म्हणत बसाल की आम्ही बुडालो, आम्ही वंचित झालो. 'मुगरमून' हा तिथला शब्द अनेक मुफस्सिरांनी कर्जाने, दंडाने लादलेला अशा अर्थाने घेतला आहे. इक्बालांच्या नज्ममध्ये बियाणे आले, ढग आले, कणीस आले. हा बुडालेला माणूस तेवढा आला नाही. विदर्भ-मराठवाड्यात गेल्या दोन-तीन दशकांत काय घडले ते पाहिलेल्या वाचकाला ही जागा रिकामी दिसते.

इक्बालांना शेतकऱ्याची जाण नव्हती असे मात्र कुणी म्हणू नये. १९२६ ते १९३० या काळात ते पंजाब विधान परिषदेवर होते आणि जमीनमहसुलाला प्राप्तिकराचे तत्त्व लावावे, अगदी लहान शेतकऱ्याला सूट मिळावी, अशी बाजू त्यांनी तिथे मांडली. पण त्याच संग्रहातल्या 'पंजाब के दहकाँ से' या नज्ममध्ये शेतकरी समोर येतो तेव्हा त्याला उपदेश मिळतो की जागा हो, जातीपातीचे बुत फोड. उपदेश चांगला आहे. तरी परिषदेतला हिशेबी इक्बाल शायरीत का उतरला नाही, याची चुटपुट लागते.

तो हिशेब मराठीत आहे. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. त्यातही निर्माणकर्ता आहे, पण फुले तिथेच न थांबता शेतसारा, पाटाचे पाणी, कोर्टकचेरी, कारकुनाची लाच आणि शेतकऱ्याच्या घरातली अन्नाची टंचाई यांपर्यंत जातात. उर्दू वाचकाने 'अल्-अर्ज लिल्लाह'नंतर लगेच हे पुस्तक उघडावे.

आणि हिशेब आपल्या फिकहमध्येही आहेच. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा भाग उश्र म्हणून द्यायचा. विहिरीचे पाणी कष्टाने-खर्चाने दिले असेल तर विसावा. घामाची किंमत शरीअतने अशी निम्म्याने वजा केली. दुसऱ्याला बटाईने जमीन कसायला देणे इमाम अबू हनीफांनी नाजायज ठरवले. त्यांचे शागिर्द अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांनी ते जायज मानले आणि चलन शागिर्दांच्या मताचे झाले. जमीनवाल्यांना हे सोयीचेच पडले असणार. कोकणात खोती १९४९च्या कायद्याने गेली. त्या खोतांमध्ये मुसलमानही होते. तेव्हा इक्बालांचे बोट नेहमी दुसऱ्याच कुणाकडे आहे, असे समजून ही नज्म वाचता येणार नाही.

मराठीत ही नज्म आणणाऱ्याची खरी अडचण 'दह-खुदा' या संबोधनाशी आहे. गावचा धनी असा त्याचा अर्थ, पण 'खुदा' हा शब्द त्यातच बसलेला. गावात खुदा होऊन बसलेल्याला खुद्द खुदाचे नाव घेऊन हटकणे, ही त्यातली धार आहे. 'जमीनदार' म्हटले की ती जाते. 'खोत' कोकणापुरता चालेल. मला 'मालक' बरा वाटतो. सालगडी तीच हाक मारतो आणि नमाजी सूरह फातिहात अल्लाहला 'मालिक' म्हणतो.