क्रमशः आणि चरितार्थ

उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) वऱ्हाडी बोलीचे सामर्थ्य सिद्ध करणारी कादंबरी म्हणून मान्यता पावली. चरितार्थासाठी त्यांनी लिहिलेल्या लोकप्रिय कादंबऱ्यांकडे मात्र समीक्षेने पाठ फिरविली. लेखनावर जगणे आणि वाङ्मयीन मूल्य यांतील हा ताण २०१४ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या ‘प्रतिलिपी’सारख्या मंचांमुळे नव्या रूपात पुढे आला आहे. बाळापूरसारख्या तालुक्याच्या गावातील लेखिकेला आता पुण्या-मुंबईच्या संपादकाच्या संमतीची वाट पाहावी लागत नाही. परंतु संपादकाची जागा रिकामी राहत नाही. ती वाचनसंख्या घेते. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली, तेव्हा वाचक किंमत अंकाची मोजत असे, प्रकरणाची नव्हे. येथे पुढील भाग आधी वाचण्यासाठी वाचक पैसे मोजू शकतो. साहजिकच कथानक संपणे म्हणजे मिळकतीचा एक झरा आटणे ठरते. अशा वेळी उत्कंठा हेच रचनातत्त्व बनण्याचा आणि दूरच्या वाचकासाठी बोलीने प्रमाणभाषेपुढे माघार घेण्याचा धोका संभवतो. तरीही ‘रंजनपर’ या एका शब्दात हे लेखन निकालात काढणे म्हणजे शेळक्यांच्या बाबतीत झालेल्या उपेक्षेची पुनरावृत्ती होय. मिळकतीची रीत कादंबरीच्या घाटावर कोणते संस्कार करते, हे प्रत्यक्ष संहिता वाचूनच तपासावे लागेल.