'स्मृतिचित्रे' : श्रद्धा आणि आचार

कृतीवाचून श्रद्धा निर्जीव होय, हा नव्या करारातील याकोबाच्या पत्राचा इशारा सर्वपरिचित आहे. परंतु कृती श्रद्धेतून नेमकी कशी उगवते, याचे दर्शन घडविणारे वाङ्मय विरळाच. बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'त (१८५७) श्रद्धा प्रामुख्याने बोलते. विधवांच्या दुःस्थितीविषयीची लेखकाची कळकळ अस्सल आहे. तथापि तेथे विचारांचा पालट बहुधा संवादांच्या आधारे घडून येतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त (चार भाग, १९३४–१९३७) श्रद्धेची ओळख पटते ती पाण्यापाशी आणि चुलीपाशी.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नी काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिली, आणि परत आली ती आपले सोवळे सांभाळूनच. पुढे एके दिवशी जातिभेद ईश्वराने नव्हे तर मनुष्याने निर्मिला आहे, असे तिच्या मनाने घेतले आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याची तिची तयारी झाली. तिची दीक्षा (१९००) यानंतरची. धर्मांतराच्या कथांत सामान्यतः आधी साक्षात्कार, मग दीक्षा आणि शेवटी सत्कृत्ये असा क्रम आढळतो. येथे आचार दीक्षेची वाट पाहत थांबलेला नाही. ज्या स्त्रीचा सारा धर्म स्वयंपाकघरात सामावलेला होता, तिच्या अंतरंगातील क्रांती स्वयंपाकघरातच व्हावी, हे यथायोग्यच होय.

या आचाराची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न मात्र पुरेसा विचारला गेलेला नाही. टिळकांचे औदार्य विख्यात आहे. अनाथ मुले, विद्यार्थी, पाहुणे यांस त्यांचे दार सदैव मोकळे असे, आणि हाती आलेला पैसा दुसऱ्याच्या गरजेपुढे टिकत नसे. परंतु आणलेल्या मुलास जेवू घालावयाचे, न्हाऊ घालावयाचे, रात्री उशाशी बसावयाचे ते लक्ष्मीबाईंनी. पतीची श्रद्धा हा पत्नीचा नित्याचा कष्ट होतो. लक्ष्मीबाई त्यास त्यागाचे नाव देत नाहीत. त्या चिडतात, भांडतात, पतीच्या भोळेपणास हसतात, आणि पदर खोचून पुन्हा कामास लागतात. त्यांचा विनोद अलंकार म्हणून आलेला नाही. सेवेला पावित्र्याचा आव येऊ न देणारी ती एक नैतिक दक्षता आहे.

या आत्मकथनात तत्त्वचिंतन तोकडे आहे, असा आक्षेप घेता येईल, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. ख्रिस्ताचे स्वरूप, पाप, तारण यांविषयी लक्ष्मीबाई येथे फारसे विवेचन करीत नाहीत. त्याची अपेक्षा असणाऱ्याने टिळकांनी आरंभिलेल्या आणि लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेल्या 'ख्रिस्तायना'कडे वळावे. परंतु विवेचनाच्या अभावास श्रद्धेचा अभाव मानल्यास लक्ष्मीबाई केवळ एका कवीची गमतीदार पत्नी उरतात. आजवर त्यांच्यावर झालेला अन्याय बहुतांशी असाच प्रेमळ स्वरूपाचा आहे.

अनुवादात हा धोका अधिकच वाढतो. या ग्रंथाचे ई. जोसेफीन इंक्स्टर (१९५०) आणि शांता गोखले (२०१७) यांनी इंग्रजी अनुवाद केले आहेत. 'सोवळे' या शब्दात ओले वस्त्र, अस्पर्श, निराळी चूल आणि निराळे पाणी हे सारे एकवटलेले आहे. इंग्रजीत त्यास समर्पक प्रतिशब्द नाही. कन्नड व तेलुगू अनुवादकास 'मडि' हा शब्द आयताच लाभतो. ज्या भाषेत तो नाही तेथे अमूर्त 'शुचिते'वर भागविण्यापेक्षा मूळ शब्द ठेवून भोवतालची कृती स्पष्ट करणे श्रेयस्कर. लक्ष्मीबाईंनी काय सोडले हे वाचकास कळले नाही, तर त्यांना काय गवसले हेही त्यास कळणार नाही.