रिकाम्या चौकटीत काय लिहायचे?

परीक्षेचा निकाल तयार करताना गैरहजर मुलाच्या नावापुढे आपण शून्य मांडत नाही. 'गैरहजर' असे लिहितो आणि वर्गाची सरासरी काढताना त्याला वगळतो. यात काही चुकते का, असे विचारले तर बहुतेक शिक्षकांना प्रश्नच विचित्र वाटेल. पण गणिताच्या पेपराला दांडी मारणारी मुले बहुधा गणितात कच्ची असतात, हेही प्रत्येक शिक्षकाला अनुभवाने ठाऊक असते. मग उरलेल्यांची सरासरी ही साऱ्या वर्गाची म्हणून सांगणे कितपत खरे?

शाळेत यामुळे फारसे बिघडत नाही. औषधाच्या चाचणीत मात्र बिघडते. सहा महिने चालणाऱ्या चाचणीतून काही रुग्ण मध्येच निघून जातात. एखाद्याला औषध सोसत नाही, एखाद्याला बरे वाटू लागते म्हणून तो येणे थांबवतो, कोणी गाव बदलतो, कोणी दगावतो. तक्त्यात मात्र या सर्वांच्या नावापुढे सारखीच रिकामी चौकट दिसते.

या रिकाम्या चौकटींचे शास्त्र सांगणारा मुख्य ग्रंथ म्हणजे रॉडरिक लिटल आणि डोनाल्ड रुबिन यांचा 'स्टॅटिस्टिकल ॲनालिसिस विथ मिसिंग डेटा'. त्याची पहिली आवृत्ती १९८७ साली निघाली, दुसरी २००२ साली आणि तिसरी २०१९ साली. या विषयावर पीएच.डी. करणाऱ्याला तो टाळून पुढे जाता येत नाही. आमच्या मते तो थोर ग्रंथ आहे आणि त्याच्याबद्दल आमच्या दोन तक्रारीही आहेत.

आधी थोरवी. हा प्रश्न संख्याशास्त्रात आला तो शेतातून. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे काम करणाऱ्या फ्रँक येट्स यांनी १९३३ साली, प्रयोगातील काही वाफ्यांचे उत्पन्न हाती आले नाही तर गणित कसे उरकावे याची रीत दिली. वाफ्यात गुरे शिरली तर त्या वाफ्याची नोंद जाते. पण गुरे काही खताचा प्रकार पाहून शिरत नाहीत. त्यामुळे 'नोंद का गेली' हे विचारण्याची गरज नव्हती, हिशेब सोपा करणे एवढेच काम होते. माणसांचे तसे नाही. लिटल यांनी १९७४ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून पीएच.डी. मिळवली ती याच विषयावर. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, रुबिन यांचा निबंध 'बायोमेट्रिका'त छापून आला आणि प्रश्नच बदलला. चौकटीत काय भरावे याआधी ती रिकामी का राहिली हे विचारा, असे त्यांनी सांगितले.

या 'का'ची तीन उत्तरे आता सर्वमान्य झाली आहेत. रक्तदाबाचे उदाहरण घेऊ. यंत्र बिघडले म्हणून एका दिवसाच्या नोंदी गेल्या, तर त्या जाण्याचा रुग्णांच्या प्रकृतीशी काही संबंध नाही. हा पहिला, निरुपद्रवी प्रकार. दुसऱ्या प्रकारात डॉक्टर वयस्करांचा रक्तदाब आवर्जून मोजतात, तरुणांचा मोजतीलच असे नाही. इथे नोंदी एकाच बाजूने गळतात, परंतु प्रत्येकाचे वय आपल्याला माहीत आहे. एकाच वयाच्या माणसांत मोजलेले आणि न मोजलेले सारखेच, असे मानता आले तर वयाच्या आधाराने ही उणीव भरून काढता येते. तिसऱ्या प्रकारात ज्याचा रक्तदाब वाढलेला आहे तोच तपासणीला येत नाही. इथे नोंद नसण्याचे कारण त्या न मिळालेल्या आकड्यातच दडलेले असते.

आमची पहिली तक्रार दुसऱ्या प्रकाराच्या नावाबद्दल आहे. रुबिन यांनी त्याला 'मिसिंग ॲट रँडम' म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. ऐकणाऱ्याला वाटते, नोंदी कशाही, यदृच्छेने गेल्या. खरे तर तसे पहिल्या प्रकारात घडते. दुसऱ्यात नोंदी वयानुसार, म्हणजे चांगल्या पद्धतशीर रीतीने जातात. हे नाव वाचून 'आमच्या नोंदी यदृच्छेने गेल्या आहेत' असे एक वाक्य लिहून संशोधक मोकळा होतो. आणि ते वाक्य तपासायचे कसे? दुसरा प्रकार की तिसरा, हे हाती असलेल्या आकड्यांवरून ठरवता येत नाही. कारण त्यासाठी लागणारा पुरावा नेमका त्या रिकाम्या चौकटीत होता. ते मत विषयाच्या जाणकारीतून बनवावे लागते आणि उघडपणे मांडावे लागते. नाव मोहक असल्यामुळे ते मत आहे हेच विसरले जाते.

आता भरण्याविषयी. सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे सरासरी भरणे. सहा मुलींचे हिमोग्लोबिन तपासायचे होते, चौघीच आल्या: ९, १०, १२ आणि १३ ग्रॅम. सरासरी ११. सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज ४ + १ + १ + ४ = १०; चारांनी भागून प्रचरण २.५. दोन रिकाम्या जागी ११ भरले तर बेरीज १०च राहते, भागायचे मात्र सहांनी. प्रचरण १.६७ वर आले. रक्ताचा एक थेंबही जादा न घेता आपली खात्री वाढली! आणि त्या दोघी अशक्तपणामुळेच आल्या नसतील, समजा दोघींचे ८-८ असेल, तर खरी सरासरी १० निघते. (आम्ही शिकवत असताना शाळेच्या पर्जन्यमापकाची रविवारची नोंद कोणी घेत नसे. सोमवारचा आकडा दोन दिवसांत निम्मा-निम्मा वाटून आम्ही वही पुरी करीत असू. वही सुबक दिसे.)

यावर रुबिन यांचा तोडगा आम्हांला या साऱ्या विषयातला सर्वांत सुंदर विचार वाटतो. एकच आकडा भरू नका, अनेक वेळा भरा. माहीत असलेल्या गोष्टींवरून शक्य वाटणारे वेगवेगळे आकडे भरून तक्त्याच्या अनेक प्रती करा, प्रत्येकीवर तेच गणित करा आणि उत्तरे आपसांत किती वेगळी येतात ते पाहा. तो फरक म्हणजे आपल्या अज्ञानाचे माप. ते अंतिम उत्तराच्या अनिश्चिततेत मिळवायचे.

मात्र सुंदर यंत्रही चुकीच्या हाताने चालते. जुलै २००७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हृदयविकाराचा धोका वर्तवणारे 'क्यूरिस्क' हे सूत्र प्रसिद्ध झाले. ब्रिटनमधील सुमारे १३ लाख लोकांच्या, त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडील नोंदी त्यामागे होत्या. निम्म्याहून कितीतरी अधिक लोकांच्या कोलेस्टेरॉलच्या प्रमाणाची नोंदच नव्हती, म्हणून ती या अनेक प्रतींच्या रीतीने भरली होती. निष्कर्ष काय आला? कोलेस्टेरॉलच्या प्रमाणाचा हृदयविकाराशी जवळजवळ संबंधच नाही! वाचणारे चकित झाले आणि त्यांनी प्रश्न विचारले. तेव्हा संशोधकांनी पुन्हा पाहिले. ज्यांच्या नोंदी पूर्ण होत्या त्यांच्यापुरता संबंध स्पष्ट दिसत होता आणि भरण्याची रीत सुधारल्यावर तो सगळ्यांत दिसू लागला. संशोधकांनी हे जाहीरपणे सांगितले, हा त्यांचा मोठेपणा. पुढे सुधारलेले सूत्रच ब्रिटनमध्ये वापरात आले.

जोनाथन स्टर्न आणि सहकाऱ्यांनी २००९ साली त्याच नियतकालिकात ही हकीकत देऊन या रीतीतले खड्डे दाखवले. त्यांतला एक प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घ्यावा असा आहे. कोलेस्टेरॉल भरताना त्या माणसाला पुढे हृदयविकार झाला की नाही हे विचारात घेतलेच पाहिजे. उत्तर आधी पाहून घेण्याची ही लबाडी वाटते. पण तसे न केले तर भरलेले आकडे रोगी आणि निरोगी दोघांना सारखेच वाटले जातात, आणि बहुतेक आकडे भरलेलेच असले की खरा संबंध त्यांत विरघळून जातो.

दुसरी तक्रार ग्रंथाच्या मांडणीची. तिसरा प्रकार, म्हणजे वैद्यकात सर्वांत जास्त भेडसावणारा, ग्रंथात अगदी शेवटच्या प्रकरणात येतो. गणिताच्या दृष्टीने हा क्रम योग्यच आहे. पण तिथवर किती वाचक पोहोचतात? चाचणी करणाऱ्यांत बरीच वर्षे एक स्वस्त युक्ती चालत आली ती बहुधा यामुळेच: रुग्ण निघून गेला की त्याची शेवटची नोंद तशीच पुढे ओढायची. स्मृतिभ्रंशासारख्या दिवसेंदिवस बिघडत जाणाऱ्या रोगात याचा अर्थ काय होतो पाहा. औषध न सोसल्यामुळे जो दुसऱ्या महिन्यातच निघून गेला, त्याची प्रकृती त्या बऱ्या अवस्थेत गोठवली जाते. म्हणजे जे औषध रुग्णांना लवकर पळवून लावते तेच गुणकारी ठरण्याची शक्यता!

२०१० साली अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने या विषयावर अहवाल काढला, तेव्हा समितीचे अध्यक्ष लिटल हेच होते. शास्त्रीय समर्थन देता येत नसेल तर ही ओढाओढ मुख्य विश्लेषणात नको, असे त्या अहवालाने बजावले. नोंदी मुळात जाऊच नयेत यासाठी चाचणीची आखणी कशी करावी, औषध सोडलेल्या रुग्णाचीही तपासणी शेवटपर्यंत कशी चालू ठेवावी, यावर त्यात भर आहे. आयुष्यभर रिकाम्या चौकटी भरण्याचे गणित केलेल्या माणसाच्या समितीने हे सांगावे, याचे आम्हांला विशेष वाटले.

ग्रंथ महाग आहे आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयातच पाहावा लागेल. बारावीच्या हुशार विद्यार्थ्याला पहिल्या प्रकरणाचा बराच भाग शिक्षकांच्या मदतीने समजेल. पुढे कलनशास्त्र आणि सारण्यांची सवय हवी. स्टर्न यांचा लेख मात्र थोडकाच आहे, आणि त्यात सूत्रे अगदी कमी आहेत. आधी तो वाचावा, मग ग्रंथाचे शेवटचे प्रकरण निदान चाळावे आणि त्यानंतर पहिल्या पानाकडे वळावे.