वारसा की अनुकरण?
आर्ट ओ'मर्नहन (१८७२–१९५४) हा आयरिश चित्रकार स्वयंशिक्षित होता. आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी प्राण वेचणाऱ्यांचे स्मारक म्हणून त्याने चर्मपत्रावर ‘पुनरुत्थानाचा ग्रंथ’ चितारला. १९२४ साली आरंभिलेले हे काम, मध्ये खंड पडत, १९५१ पर्यंत चालले. इसवी सन ८०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘बुक ऑफ केल्स’शी त्याचे नाते उघड आहे. मग यास निव्वळ अनुकरण म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. केल्समधील केल्टिक वेलबुट्टी ख्रिस्ताच्या शुभवर्तमानास वाहिलेली होती. येथे ती हुतात्म्यांच्या स्मृतीस वाहिली आहे. भक्तीचा विषय पालटल्याने जुन्या आकृतीचा अर्थही पालटला. मात्र राष्ट्रभक्तीस धर्मग्रंथाचे वस्त्र चढविले, की तिच्याविषयी प्रश्न विचारणे अवघड होते. या ग्रंथाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा, दोन्ही येथेच आहेत.