वेल्स आणि गंगाराम : एका कलामैत्रीचे पुनर्मूल्यांकन

सालबाईच्या तहाने १७८२ मध्ये पहिले इंग्रज-मराठा युद्ध संपले. टिपू सुलतानाविरुद्धची मोहीम १७९२ मध्ये आटोपली. या युद्धांतून सावरणाऱ्या पुण्यात त्याच वर्षी जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार दाखल झाला. त्याने रंगविलेले सवाई माधवराव व नाना फडणवीस यांचे व्यक्तिचित्र हे दरबाराने परकीय कलावंतावर टाकलेल्या विश्वासाचे द्योतक मानावे लागेल.

तथापि, कलेच्या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण नाते गंगाराम चिंतामण तांबट या स्थानिक कलावंताशी जुळले. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने पुण्यात सुरू झालेल्या चित्रशाळेत दोघांचा सहवास घडला. गंगारामची ओळख प्रायः ‘वेल्सचा शिष्य’ अशी करून दिली जाते. ही मांडणी अपुरी आहे. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे गंगारामने काढलेले चित्र नोव्हेंबर १७९० मधील आहे आणि वेल्स मुंबईत उतरला तो १७९१ मध्ये. अर्थात, प्रत्यक्ष पाहून रेखाटण्याची दृष्टी गंगारामपाशी आधीपासूनच होती. वेल्सच्या सहवासात पाश्चात्त्य तंत्राचा परिचय वाढला असेल; परंतु दक्षिणा-समारंभाच्या अखेरीचे पर्वतीचे दृश्य (सुमारे १७९५) रेखाटताना उपयोगी पडली ती येथील लोकजीवनाची आतून असलेली जाण. ती कोणत्याही चित्रशाळेत शिकविता येत नाही.

देवाणघेवाण उभयपक्षी असली, तरी श्रेय मात्र एकाच बाजूस गेले. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवरावांचा मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात, भिवंडीहून खाडीपलीकडे असलेल्या साष्टी बेटावरील कान्हेरी लेण्यांचे काम चालू असताना वेल्सही निवर्तला. वेरूळच्या लेण्यांचा चोवीस दृश्यांचा संग्रह १८०३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात वेल्स आणि टॉमस डॅनियल ही दोनच नावे आहेत. वेरूळची लेणी त्याच काळात रेखाटणाऱ्या गंगारामला तेथे स्थान नाही.

व्यक्तिगत स्नेह खरा असला, तरी मुद्रणाची साधने, ग्राहक आणि संग्रह ज्यांच्या हाती, त्यांचीच नावे टिकतात, हे यावरून स्पष्ट होते. अलीकडे येल विद्यापीठातील संग्रहाच्या अभ्यासामुळे गंगारामचे कार्य प्रकाशात आले आहे. मराठी कलासमीक्षेने त्यास ‘साहाय्यक’ न मानता स्वतंत्र चित्रकार म्हणून वाचणे, हेच या मैत्रीचे यथोचित मूल्यमापन ठरेल.