'उत्खनन' आणि 'उकरणे' : एका क्रियेची दोन नावे

जमिनीत गाडलेले वर काढण्याच्या क्रियेला मराठीत दोन शब्द रूढ आहेत : 'उत्खनन' आणि 'उकरणे'. पहिला विद्वत्तेचा मानला जातो, दुसरा दूषणाचा. पुरातत्त्व खाते भूमी खणते तेव्हा ते उत्खनन ठरते. बहिष्कृतांनी आपला पूर्वेतिहास विचारला की 'गाडलेली मढी कशाला उकरून काढता?' असा प्रतिप्रश्न येतो. क्रिया एकच असताना हा भेद का, याची चिकित्सा झाली पाहिजे.

प्रथम व्युत्पत्ती पाहू. संस्कृत 'खन्' या धातूचा अर्थ खणणे. 'खाण' आणि 'खनिज' हे शब्द त्याच कुळातले. 'नि' हा उपसर्ग लागला की 'निखात' म्हणजे पुरलेले. 'उद्' म्हणजे 'वर' हा उपसर्ग लागला की 'उत्खनन'. परंतु याच उपसर्गाने सिद्ध झालेल्या 'उत्खात' या रूपाचा अर्थ 'मुळासकट उपटलेले' असाही आहे. उजेडात आणणे आणि उखडून टाकणे हे दोन्ही अर्थ शब्दाच्या पोटात आहेत. म्हणून केवळ भारदस्त नाव दिल्याने क्रिया निर्दोष ठरत नाही.

इतिहासाची साक्ष हेच सांगते. १७९४ साली सारनाथ येथील धर्मराजिक स्तूप बनारसच्या जगत सिंग यांच्या माणसांनी विटांसाठी खणला. करंडकात सापडलेल्या अस्थी गंगेत सोडण्यात आल्या. स्तूपाचा केवळ पाया उरला. १८९८ साली पिप्रहवा येथे विल्यम पेपे यांनी स्तूप खणला. तेथील एका करंडकावर शाक्य बुद्धाच्या अस्थिधातूंचा उल्लेख करणारा ब्राह्मी लेख होता. अस्थी सयामच्या राजाकडे गेल्या, परंतु त्यांच्यासोबत पुरलेल्या रत्नांचा काही भाग पेपे कुटुंबाकडे राहिला आणि २०२५ च्या मे महिन्यात हाँगकाँगमध्ये लिलावास निघाला. भारत सरकारच्या आक्षेपानंतर लिलाव थांबला व जुलैमध्ये, १२७ वर्षांनी, ती रत्ने भारतात परतली. श्रद्धेने अर्पिलेल्या वस्तूला बाजारभाव लावणाऱ्या व्यवहारास 'उकरणे' असे कोणी म्हटले नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

मग खणण्याचा निकष कोणता? मज्झिम निकायातील वम्मिक सुत्तात तो सापडतो. तेथे एक ब्राह्मण सुमेधाला शस्त्र घेऊन वारूळ खणण्यास सांगतो. त्यासाठी आलेले 'अभिक्खण' हे पाली आज्ञार्थी रूप याच धातूचे आहे. एकेक वस्तू वर येते : प्रथम अडसर, मग बेडूक, पुढे कासव, मांसाचा तुकडा. प्रत्येक वस्तू बाजूस काढून पुढे खणण्याची आज्ञा होते. शेवटी नाग दिसतो. तेव्हा मात्र त्याला धक्का न लावता वंदन करण्यास सांगितले जाते. तथागत उलगडा करतात : वारूळ म्हणजे देह, शस्त्र म्हणजे आर्य प्रज्ञा, खणणे म्हणजे वीर्यारंभ, अडसर म्हणजे अविद्या आणि नाग म्हणजे क्षीणास्रव भिक्षू. सुत्ताचा विषय चित्तशुद्धीचा असला तरी त्यातील विवेक आपल्या प्रश्नासही लागू पडतो. प्रज्ञेने खणावे, टाकण्याजोगे टाकावे आणि वंदनीय दिसताच हात थांबवावा. सारनाथला व पिप्रहवाला हा हात थांबला नाही.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आपल्या कार्याची तुलना भग्न दगडांवरून नगर उभे करणाऱ्या पुरातत्त्वज्ञाशी केली आहे. अस्पृश्यतेचे मूळ शोधणे हे जुने वैर जागवणे नव्हते. अविद्येचा अडसर बाजूला करणे होते. त्या शोधाला 'उकरणे' म्हणणारे दोष खणणाऱ्याला देतात आणि 'हे गाडले कोणी?' हा प्रश्न टाळतात. गाडलेले वर काढणाऱ्याला नावे ठेवण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर दिले गेले पाहिजे.