अनुल्लेखाचे मानकरी

'रॉक' हा शब्द कानी पडला की आपल्या धर्मग्रामांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते, आणि तरुणांच्या ओठांवर चार-दोन विलायती नावे येतात. कोणत्या रॉक कलावंताची उपेक्षा झाली, कोणाला अधिक मान मिळावयास हवा होता, यावर ही मुले तासन् तास वाद घालतात. वाद वाईट नाही. रसिकता अशाच वादांतून घडते. परंतु त्या वादात लंडन आणि न्यूयॉर्क येतात, मडगाव, हळदोणे, गिरगाव येत नाहीत. या संगीताशी आपल्याच माणसांचा जो संबंध होता, तो आठी घालणाऱ्यांना ठाऊक नाही आणि वाद घालणाऱ्यांनाही नाही. म्हणून या वादात चार आपली नावे मांडावीत, आणि त्यांतही तारतम्य करावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तारतम्यासाठी कसोटी हवी. किती तबकड्या खपल्या ही कसोटी व्यापाऱ्याची आहे. समीक्षकाने विचारावयाचे ते असे, की परक्या मुलुखातून आलेला ताल या कलावंताने केवळ वाजवून दाखविला, की त्या तालाला आपल्या माणसांच्या भाषेत बोलावयास लावले? चंदगडच्या वाचकाला हा प्रश्न नवा वाटू नये. १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात असलेला आणि नंतर कोल्हापूरला जोडला गेलेला हा तालुका. घाट उतरला की गोवा. कोंकणी आणि मराठी या दोन्ही भाषा येथे कानांवर पडतात, आणि एका भाषेतले दुसरीत नेताना काय गळते व काय उरते, हे येथील माणूस लहानपणापासून अनुभवतो.

आरंभ चित्रपटापासून केला पाहिजे, कारण भारतातील बहुसंख्य लोकांनी हा ताल प्रथम तेथेच ऐकला. १९५७ च्या 'आशा' चित्रपटात किशोरकुमारांनी गायिलेले ते निरर्थक शब्दांचे धमाल गाणे कोणाला माहीत नाही? संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. त्यांचे साहाय्यक जॉन गोम्स गोव्याचे. त्या गाण्याच्या अर्थहीन शब्दांत चक्क कोंकणी शब्द मिसळलेले आहेत, आणि ते गोम्स यांच्यामुळे आले असे सांगितले जाते. हिंदीतील रॉक-अँड-रोलच्या पहिल्या गाजलेल्या गाण्यात आपली कोंकणी लपून बसली आहे आणि आपण त्यावर साठहून अधिक वर्षे नाचत आहोत! त्याआधी १९५१ च्या 'अलबेला'त याच रामचंद्रांचे साहाय्यक होते हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ, मुंबईच्या हॉटेलांत 'चिक चॉकलेट' या नावाने गाजलेले ट्रंपेटवादक. त्या चित्रपटात ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावर दिसतातही. १९६७ मध्ये ते वारले. चेहरा दिसला, पण नाव कोणी विचारले नाही.

सेबास्तियन डिसोझा यांच्या वाट्याला तर पडदाही आला नाही. फाळणीपूर्वी लाहोरात बँड चालविणारा हा गोमंतकीय मुंबईत आला आणि शंकर-जयकिशन यांचा संगीत संयोजक म्हणून दोन दशकांहून अधिक काळ काम करीत राहिला. चाल संगीतकाराची, परंतु व्हायोलिनांचा ताफा कोठून उठावा, ट्रंपेटने कोठे तोंड उघडावे, गायकाच्या ओळीखाली दुसरी सुरावट कशी वाहावी, हे कागदावर उतरविणारा हात त्यांचा. १९९८ मध्ये ते गेले. आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांनी सत्तरच्या दशकात तरुणांना वेड लावले. त्या ध्वनिमुद्रणांतील बास गिटार टोनी वाझ यांची आणि ड्रम्स लेस्ली गुदिन्हो यांचे असत. ही नावे आपल्या घरांतील आडनावांसारखीच आहेत, आणि तरीही आपल्याला ती परकी आहेत.

हे वादक कोठून आले? पोर्तुगीज अमदानीतील गोव्याच्या धर्मग्रामशाळांतून. तेथे मेस्त मुलांना स्वरलेखन वाचावयास आणि व्हायोलिन धरावयास शिकवीत, ते मिस्सेत गाण्यासाठी. मुंबईच्या चित्रपटसृष्टीला लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजविणारी माणसे हवी होती. ती तिला चर्चच्या माळ्यावरून मिळाली. ज्या चर्चने त्यांना सूर दिले, त्याच चर्चच्या मंडळींनी पुढे 'हॉटेलात वाजवितो', 'सिनेमात वाजवितो' म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरविली. ही गोष्ट आपण धर्मगुरूंनी तरी विसरू नये.

अँथनी गोन्साल्विस यांची कहाणी सर्वांत विलक्षण. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मुळे हे नाव देशभर झाले, पण कोणाचे म्हणून? भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर पडून विनोदी बडबड करणाऱ्या, गुत्ता चालविणाऱ्या एका पडद्यावरच्या ख्रिस्ती तरुणाचे. खरे अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे, व्हायोलिनचे शिक्षक. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य, आणि गुरूचे नाव गाण्यात आले ते शिष्याच्या कृतज्ञतेपोटी. भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचा त्यांना ध्यास होता. १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्यांनी त्यासाठी मोठी मैफल केली. लता मंगेशकर आणि मन्ना डे तिच्यात गायिले. पुढे ते अमेरिकेस गेले, परतले, आणि २०१२ मध्ये गावीच वारले. नाव घराघरांत पोहोचले आणि माणूस मात्र अज्ञात राहिला. अनुल्लेखाचा याहून चमत्कारिक प्रकार मला ठाऊक नाही.

ही सारी मंडळी थोर होती. परंतु त्यांना रॉकचे कलावंत म्हणणे म्हणजे शब्द ताणणे होय. मागेल ते त्यांनी वाजविले आणि उत्तम वाजविले. त्यांना मान द्यावा तो कारागिरीचा. स्वतःचे म्हणणे स्वतःच्या नावाने मांडणारा कलावंत पाहावयाचा तर कोंकणीकडे वळावे लागते.

येथे ख्रिस पेरी यांचे नाव निघणारच. आपल्या भागात कोणाच्याही लग्नात रोसच्या दिवशी त्यांचे गाणे वाजले नाही असे सहसा घडत नाही. मडगावचे हे ट्रंपेट व सॅक्सोफोनवादक मुंबईत चर्चगेटच्या अस्टोरिया हॉटेलातील 'व्हेनिस'मध्ये वाजवीत, आणि लोर्ना यांचा आवाज त्यांनीच कोंकणीला दिला. १९७१ च्या सुमारास निघालेल्या त्यांच्या तबकड्या आजही जुन्या वाटत नाहीत. तोंडात रुळलेली कोंकणी त्यांनी दक्षिण अमेरिकेच्या तालावर अशी बसविली, की शब्द तालासाठी जन्मले की ताल शब्दांसाठी, असा प्रश्न पडावा. माझ्या कसोटीला ते पुरेपूर उतरतात. तरीही त्यांना उपेक्षित म्हणावयास मी तयार नाही. २००२ मध्ये ते वारले. लोर्ना १९९५ मध्येच दीर्घ मौनानंतर रंगमंचावर परतल्या होत्या. आणि बार्डरॉय बार्रेतो यांच्या 'नाचूं-या कुंपासार' या कोंकणी चित्रपटाने, पात्रांची नावे बदलून का होईना, दोघांना नव्या पिढीपुढे उभे केले. ज्याची गाणी माणसे लग्नात आपण होऊन म्हणतात, त्याला आणखी कोणता मान द्यावा?

रेमो फर्नांडिस यांच्याविषयीही तेच. १९८४ चा 'गोअन क्रेझी' हा संग्रह त्यांनी शिवोलीच्या घरातच ध्वनिमुद्रित केला आणि कॅसेटी स्कूटरवरून दुकानादुकानांत स्वतः पोहोचविल्या. त्या जिद्दीचे कौतुक आहे. २००७ मध्ये पद्मश्रीही मिळाली. तो हिशेब पुरा झाला.

साठच्या दशकाअखेरीस मुंबई-कलकत्त्यात इंग्रजी गाणारे तरुणांचे बँड उदंड झाले. एका सिगारेट कंपनीने 'सिमला बीट' नावाने त्यांच्या स्पर्धा भरविल्या आणि १९७० व १९७१ मध्ये निवडक बँडांच्या तबकड्याही काढल्या. (तरुणांच्या बंडाचा खर्च तंबाखूवाल्याने उचलावा, हा विनोद त्या वेळी कोणाच्या ध्यानी आला असेल काय?) त्या तबकड्यांना आज परदेशी संग्राहक मोल देतात. पण त्यांत लंडनची नक्कल किती आणि स्वतःचे किती, असे विचारले तर पारडे नकलेकडे झुकते. हुशार मुले होती. बोलावयाचे काय हे त्यांना अजून सापडले नव्हते.

त्या वातावरणातून आलेल्या एकाला मात्र ते सापडले. नंदू भेंडे. मराठी रंगभूमीवरील आत्माराम आणि आशा भेंडे यांचे हे चिरंजीव. 'सॅव्हेजेस', 'व्हेल्व्हेट फॉग' अशा बँडांतून ते इंग्रजी गात. १९७४ मध्ये अलेक पदमसी यांनी 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' हे रॉक संगीतनाट्य मुंबईत उभे केले, तेव्हा यहूदा इस्कार्योतची भूमिका नंदू भेंडे यांनी केली.

या संगीतनाट्यावर ख्रिस्ती मंडळींनी जे आक्षेप घेतले, त्यांतील एक मला पूर्ण मान्य आहे: ते क्रुसापाशी थांबते. पुनरुत्थानाविना येशूची कथा म्हणजे ईस्टरविना उपवासकाळ. दुसरा आक्षेप, यहूदाला नायकाच्या तोडीचे स्थान दिले हा, मला तितकासा पटत नाही. शुभवर्तमानात यहूदा तीस नाणी परत करतो आणि गळफास घेतो. पश्चात्ताप आणि निराशा यांच्यामध्ये तो कोठे घसरला, हा प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गात विद्यार्थी आजही विचारतात. हे नाट्य तो प्रश्न रंगमंचावर आणते. पडदा उघडल्यावर पहिले गाणे यहूदाचेच. गुरूवर प्रेम करणारा आणि त्याच वेळी गुरूला भिणारा आवाज त्यासाठी लागतो. येथे गोडवा कामाचा नाही. सूर फाटेल की काय अशा उंचीवर जाऊन तो फाटू न देणे, ही या भूमिकेची मागणी. मराठी घरातल्या विशीच्या आतबाहेरच्या मुलाने हे आव्हान स्वीकारले, याची नोंद ख्रिस्ती मराठी नियतकालिकांत यावयास नको काय?

परंतु माझे मत ठरते ते चार वर्षांनंतरच्या कामावर. ब्रेख्त यांच्या 'थ्रीपेनी ऑपेरा'चे पु. ल. देशपांडे यांनी केलेले रूपांतर, 'तीन पैशाचा तमाशा', थिएटर अॅकॅडमीने १९७८ मध्ये जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली सादर केले. त्यात अंकुश हा सुखवस्तू गुंड नंदू भेंडे यांनी उभा केला. या नाटकात नाट्यसंगीताच्या वळणाची गाणी आहेत आणि पाश्चात्त्य ढंगाचीही. दोन्ही एका रंगमंचावर शेजारी नांदतात. मराठीत हे अवघड आहे. मराठी उच्चाराला इंग्रजीसारखे ठोके नाहीत; इंग्रजीत शब्दावर आघात जेथे पडतो तेथे ड्रम वाजला की काम झाले, मराठीत तसे केल्यास शब्द मोडतो आणि ऐकणाऱ्याला हसू येते. इंग्रजी बँडांत वाढलेल्या गायकाने मराठी शब्दाचा मान राखून त्यावर रॉकचा स्वर चढवावा, आणि पात्राचा मवालीपणाही त्यात दिसावा, हे केवळ गळ्याचे काम नव्हे. आपल्या फादर स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराणा'त परदेशी आलेली कथा देशी ओवीत घातली. येथे परदेशी घाटात देशी शब्द बसविले गेले. दिशा उलटी, पण कष्ट एकाच जातीचे.

मग हे नाव मागे का पडले? एक तर नाटकातले गाणे प्रयोगाबरोबर विरते. दुसरे, मराठी रसिकाने त्यांना 'इंग्रजीवाला' मानले आणि इंग्रजी बँडवाल्यांनी 'मराठी नाटकवाला'. दोन दारांच्या मधल्या उंबरठ्यावर उभ्या राहणाऱ्याला कोणीच आत बोलावीत नाही, हे सीमाभागातील आपल्याला वेगळे सांगावयास नको. २०१४ मध्ये ते निवर्तले. चित्रपटातील वादकांवर, मुंबईच्या जॅझवर या शतकात मोठे ग्रंथ निघाले आणि योग्यच झाले. मराठी रॉकवर तसा ग्रंथ अद्याप माझ्या पाहण्यात नाही.

आमच्या गायकवृंदात गिटार वाजविणारी मुले आहेत. मिस्सेतील गीते ती मराठीत गातात, आणि सराव संपला की बाहेर कट्ट्यावर इंग्रजी. मराठीत का नाही, असे विचारल्यास 'मराठीत ते बसत नाही' असे ठरलेले उत्तर मिळते. १९७८ साली ते बसले होते, एवढे त्यांना सांगावयास हवे. पुढच्या फेस्ताच्या संध्याकाळी या मुलांनी स्वतःचे एक मराठी गाणे बसवावे असे ठरले आहे, आणि ड्रम्स बेळगावहून भाड्याने आणावयाचे आहेत.